जुन्या स्लॅबमधली नाणी रिग्रेडला पाठवावीत का?

रौप्यमुद्रा: पीसीजीएस या अमेरिकी कंपनीने तपासून, दर्जा म्हणजे ग्रेड लावून, प्लास्टिकच्या सीलबंद डबीत म्हणजे स्लॅबमध्ये घातलेली तीन नाणी आहेत. १८८१-एस मॉर्गन डॉलर (एमएस ६४), १८९६-ओ मॉर्गन (एमएस ६३) आणि एक तांब्याचं (एमएस ६४ आरबी, म्हणजे लाल-तपकिरी). मॉर्गन म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर; एस आणि ओ ही टांकसाळीची खूण, एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, त्याचे ग्रेड ६० ते ७०. १८९६-ओ अगदी सुरुवातीच्या, हलवलं की खुळखुळणाऱ्या छोट्या स्लॅबमध्ये आहे. तिन्ही नाणी लेबलवरच्या ग्रेडपेक्षा सरस वाटतात. रिग्रेड, म्हणजे पुन्हा ग्रेड लावून घेणं, परवडेल का? आणि स्लॅब फोडून पाठवायची की स्लॅबसकट?

भिंगधारी: १८८१-एस जसं आहे तसं राहू द्या. ते वरच्या ग्रेडमध्येही भरपूर मिळतं, त्यामुळे ६४ आणि ६५ मधला फरक फी आणि विम्यातच संपतो. १८९६-ओचं उलट आहे. त्याचा ठसा बऱ्याचदा कमजोर, अंगावर पोत्यात नाणी एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा, म्हणून ६४ला भाव एकदम उडी मारतो आणि ६५ तर फारच दुर्मीळ.

हिशोब असा मांडा. आजचा भाव १०० धरा, वरच्या ग्रेडचा १८०, एकूण खर्च २०. मग चारातलं एक नाणं चढलं तरच बरोबरी होते. त्यात १० टक्के शक्यता ग्रेड उतरून भाव ७० होण्याची असेल, तर चढण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास लागते. स्लॅबमधून काढलेल्या नाण्यावर 'क्लीन्ड'चा (घासूनपुसून साफ केल्याचा) शेरा बसण्याचा धोका यात धरलेलाच नाही. भाव मात्र लिलावात प्रत्यक्ष मिळालेलेच घ्या, छापील किंमतयादीतले नकोत.

झळाळी: आधी नाणं नीट बघा. खोलीतले बाकी दिवे बंद, एकच टेबललॅम्प, पाचपट ते सातपट भिंग. स्लॅब हळूहळू तिरका करत फिरवा. उजेडाचा पट्टा नाण्यावरून अखंड फिरला तर लस्टर, म्हणजे टांकसाळीतली मूळ चमक, शाबूत आहे. मॉर्गनवरच्या लिबर्टी या स्त्रीमुखाच्या गालापाशी किंवा कानावरच्या केसांपाशी तो तुटून करडा पडत असेल, तर तिथे घर्षण आहे किंवा ठसा कमी उठलाय. मॉर्गनमध्ये गालावरची एक ठळक खूण ग्रेड अडवते. तेवढीच खूण केसांत असती तर खपून गेली असती. केसाएवढे बारीक ओरखडे एका विशिष्ट कोनातच दिसतात, म्हणून पूर्ण ३६० अंश फिरवा. ओरखडा प्लास्टिकवर आहे की धातूवर, हेही तिथेच कळतं: नाणं तिरकं केल्यावर खूण नाण्याच्या मानाने सरकली तर ती प्लास्टिकवरची.

टांकसाळ: १८९६-ओचा स्लॅब मुळीच फोडू नका. तो खुळखुळणारा स्लॅब १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे तेव्हापासून ते नाणं कुणी फोडून रिग्रेडला पाठवलेलं नाही. चढण्याच्या आशेने आठ वेळा फिरून आलेल्या नाण्यांपेक्षा त्याला खरी संधी आहे. शिवाय त्या जुन्या स्लॅबलाही संग्राहक जादा पैसे मोजतात.

म्हणून आधी सीएसीकडे पाठवा, ही कंपनी स्लॅबमधल्या नाण्यांचा ग्रेड पुन्हा पडताळून स्टिकर लावते. स्लॅब न उघडता तपासतात. हिरवा स्टिकर म्हणजे त्या ग्रेडला नाणं भक्कम, सोनेरी म्हणजे ग्रेड कमी लागलाय. सोनेरी मिळाला तर स्लॅब तसाच ठेवून विकलेलं बरं. हिरवा मिळाला आणि तरी हात शिवशिवत असेल, तर पीसीजीएसची रिकन्सिडरेशन सेवा घ्या. त्यात नाणं स्लॅबमध्येच तपासतात, ग्रेड चढला तरच नवा स्लॅब. चढल्यावर वाढीव किमतीच्या प्रमाणात जादा आकार लागतो, तो वरच्या हिशोबात घाला.

तांब्याचं नाणं मात्र बाहेर काढायचंच नाही. लाल रंग हवेने तपकिरी होत जातो, आरबीचं बीएन (तपकिरी) झालं तर ६५ मिळूनही तोटाच.

रौप्यमुद्रा: आणि एखादं फोडायचंच ठरलं तर?

भिंगधारी: डोळ्यांना गॉगल, स्लॅब जाड टॉवेलात, मजबूत कटरने आधी कोपरे, मग कडा. मधोमध दाब दिला तर प्लास्टिकची धार नाण्यावर घासते. नाणं कडेनेच धरा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात घाला. जुनं लेबल कंपनीला परत करा, नाहीतर एकच नाणं पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या ग्रेडची किती नाणी, या कंपनीच्या यादीत) दोनदा मोजलं जातं.