निसर्ग चक्रीवादळ: सगळे अलिबाग म्हणतायत, मग दिवेआगरचं काय?

दिवेआगरची लेक | 2 जून 2020, रात्री 9:10

मी डोंबिवलीत, आई-बाबा दिवेआगरला. लॉकडाउनमुळे मार्चपासून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. दुपारपासून टीव्हीवर एकच चाललंय, मुंबईला धोका, मुंबईला धोका. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये लिहिलंय की हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये, अलिबागजवळ, उद्या दुपारी किनारा ओलांडेल. वारा ताशी 100 ते 110, झोत 120 पर्यंत.

मगाशी बाबांशी बोलले. ते म्हणाले, "अगं अलिबागला येतंय ते, आपल्याकडे नुसता पाऊस." आई निर्जला एकादशीच्या उपासात, तिचं लक्ष माझ्यापेक्षा तुळशीपाशी जास्त. घर जुनं, कौलारू. मागे वाडी: पोफळी, माड, मधे जायफळं. पुढे रस्ता, मग सुरूचं बन, मग समुद्र. शेजारी स्लॅबचं घर आहे, ते लोक या म्हणतायत, पण बाबा घर सोडायला तयार नाहीत.

अलिबाग आमच्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर उत्तरेला. नकाशावरची रेष अलिबागपाशी टेकतेय म्हटल्यावर आम्ही वाचलो असं धरायचं का? की उलट? मला खरंच कळत नाहीये. विंडी ही हवामानाची वेबसाइट उघडून बसले आहे, तिथलं अंदाजाचं एक मॉडेल मुंबईच्या पोटात घालतंय, दुसरं मुरुडला. बाबांना पटेल असं काहीतरी सांगा. "काळजी घ्या" त्यांना पटत नाही.

भाट्ये खाडी | 2 जून, रात्री 9:50

ताई, आजच्या आज त्यांना स्लॅबच्या घरात न्या. का ते सांगतो, म्हणजे तुम्हाला बाबांना सांगता येईल.

मी सव्वीस वर्षं बोटीवर काढली, आता रत्नागिरीत असतो. बोटीवर पहिल्या वर्षी शिकवतात ते हे: वाऱ्याला पाठ करून उभं राहायचं, केंद्र आपल्या डाव्या हाताला. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून. आता हे वादळ ईशान्येकडे सरकत किनाऱ्यावर येतंय. त्याच्या जाण्याच्या दिशेने तोंड केलं तर उजवा हात म्हणजे दक्षिण बाजू. उजव्या बाजूला वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे लोटतो. डाव्या बाजूला तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. म्हणजे ते अलिबागला टेकलं तर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हे सगळं उजव्या हाताला. रेषेच्या दक्षिणेला पन्नास किलोमीटर म्हणजे वाचलो नाही. मी तर म्हणेन, अलिबागपेक्षा तुमची बाजू वाईट.

दुसरं, हरिहरेश्वर ते दमण हे अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे. खातं रेषा सांगत नाहीये, पट्टा सांगतंय, आणि तुम्ही त्या पट्ट्यात आहात.

बाबांसाठी एक काम. उद्या सकाळपासून ओटीवरून वारा कुठून येतोय ते बघत राहायचं. आधी बोर्लीकडून, म्हणजे पूर्वेकडून येईल. मग तो दक्षिणेकडे वळू लागला, तर केंद्र तुमच्या उत्तरेने चाललंय, तुम्ही उजव्या बाजूला, आणि शेवटचा मार समुद्राकडून येणार. उत्तरेकडे वळला तर डावी बाजू, थोडं हायसं. वडीलधाऱ्या माणसाला "घाबरा" म्हटलेलं आवडत नाही, काम दिलेलं आवडतं.

टँपाकर | 2 जून, रात्री 10:35

काकांच्या म्हणण्याला जोड देतो. 2004 साली मी फ्लोरिडात टँपाला शिकत होतो. 13 ऑगस्टला हरिकेन चार्ली यायचं होतं, नकाशावरची काळी रेष बरोब्बर टँपाच्या आखातात. आम्ही खिडक्यांना प्लायवूड ठोकून बसलो. ते आयत्या वेळी उजवीकडे वळलं, वळता वळता चौथ्या श्रेणीचं झालं आणि शंभरावर किलोमीटर दक्षिणेला पुंता गोर्दा या गावावर गेलं. टँपात आमच्या अंगणातली खुर्चीसुद्धा हलली नाही. रेषेभोवती केंद्र जिथे जिथे जाऊ शकेल असा रुंदावत जाणारा पट्टा काढतात, त्याला शंकू म्हणतात. पुंता गोर्दा आधीपासून त्या शंकूत होतं, इशारा होता, पण तिथल्या कितीतरी लोकांनी बघितली ती रेष. "टँपाला जातंय" म्हणून ते निवांत राहिले.

तुमच्या बाबांचं वाक्य वाचलं आणि तेच आठवलं. शंकूसुद्धा फक्त केंद्र कुठे असू शकेल तेवढंच दाखवतो, वारा त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत असतो. रेष बोटाने झाका आणि मग नकाशा बघा.

दिवेआगरची लेक | 2 जून, रात्री 11:25

फोन केला. पुंता गोर्दाची गोष्ट सांगितली, उजव्या-डाव्या हाताचं सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भरती किती वाजता आहे?" उद्या द्वादशी, तिथीची पाऊणपट म्हणजे नऊ, पुढे त्रयोदशी लागते, तेव्हा साडेनऊ-दहा धरायची, असं स्वतःच हिशोब करून सांगितलं. शेजारी जायला तयार आहेत, पण उद्या पहाटे, गाय सोडून झाल्यावर.

भाट्ये खाडी | 2 जून, रात्री 11:40

हिशोब बरोबर आहे त्यांचा, आणि दिलासा देणाराही. दुपारी वादळ टेकेल तेव्हा ओहोटी चालू असेल. पौर्णिमा तीन दिवसांवर, पाणी मोठं आहे. हेच सकाळी दहाला आलं असतं तर काय झालं असतं हे बोलायलाच नको. गाय आज रात्रीच मोकळी करा म्हणावं, गोठ्यात बांधून ठेवू नका. कागदपत्रं, औषधं, बॅटरी, दोन कळशा पाणी. वीज गेली की पंप गेला.

रडारवेडा मुलुंड | 3 जून, सकाळी 8:05

पहाटेपासून कुलाबा आणि गोव्याच्या रडारची चित्रं बघतोय. आता हे तीव्र चक्रीवादळ आहे, खात्याचं नवं बुलेटिन आलंय. मध्यभागी डोळ्यासारखी मोकळी जागा दिसायला लागली आहे, फाटकी आहे पण आहे.

आकड्यांवरून गोंधळ होतोय त्याबद्दल: आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकन नौदलाचं केंद्र एका मिनिटाची. त्यांचा आकडा मोठा दिसणारच, दोन्ही एकमेकांशी जुळवू नका. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, 60 चा वारा 120 झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. "शंभर काय, एक्स्प्रेसवेवर गाडी जाते" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

मुंबईत आत्ता वारा पूर्वेकडून आहे.

भाट्ये खाडी | 3 जून, सकाळी 10:15

रत्नागिरीची खबर. पहाटे वारा आग्नेयेचा होता, आता नैऋत्येकडे सरकलाय. बॅरोमीटर रात्रभर उतरत होता, थोड्या वेळापूर्वी टेकला आणि आता काटा वर यायला लागलाय. केंद्र आमच्यासमोरून पुढे गेलं. मिऱ्याच्या बंधाऱ्यावर एक जहाज येऊन लागलंय, नांगर धरला नाही त्याचा. इतक्या वर्षांत या किनाऱ्यावर मी असा समुद्र फार थोड्या वेळा पाहिला. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा पाहिला होता, आमच्या कितीतरी होड्या त्या दिवशी बाहेर होत्या. यावेळी होड्या वर ओढलेल्या आहेत, एवढं तरी बरं.

ताई, पुढचा नंबर तुमचा. वारा कुठून आहे?

दिवेआगरची लेक | 3 जून, सकाळी 10:40

शेजारी गेलेत, दहा माणसं एका खोलीत. बाबा म्हणतायत सकाळी सहापासून बोर्लीकडून होता, आता दक्षिणेला वळतोय.

भाट्ये खाडी | 3 जून, सकाळी 10:44

उजवी बाजू. समुद्राकडच्या खिडक्या लावून घ्या, सगळ्यांनी बोर्लीकडच्या खोलीत बसायचं. मधे वारा अचानक पडला तरी दार उघडायचं नाही. डोळा वरून गेला तर असं होतं, दहा-वीस मिनिटं शांत, मग उलट्या बाजूने पुन्हा. लोक कौलं बघायला म्हणून बाहेर पडतात आणि तेव्हाच सापडतात.

दिवेआगरची लेक | 3 जून, दुपारी 12:50

आत्ता 12:38 ला फोन तुटला. शेवटी आई बोलत होती. मागून येणारा आवाज मी कधी ऐकलेला नाही. सुरूच्या बनातून वारा शिळ घालतो तो लहानपणापासून ओळखीचा, तो नव्हता. खालच्या पट्टीत, सलग, जिन्यावरून पिंप गडगडत यावं आणि थांबूच नये तसा. त्यातच मधूनमधून काड् काड्. आई म्हणाली, "पोफळी मोडतायत गं." पुढे काही नाही. लावते आहे, लागत नाहीये.

रडारवेडा मुलुंड | 3 जून, दुपारी 1:20

किनारा ओलांडणं सुरू झाल्याचं खात्याने जाहीर केलंय, अलिबागच्या दक्षिणेला. पूर्ण आत यायला दोनेक तास लागतील. टॉवर पडले असणार, फोन न लागण्याचा अर्थ तेवढाच घ्या ताई. मुंबईत पाणी शिरलं नाही, वारा जमिनीकडून होता, काका म्हणाले ती डावी बाजू. आमच्याकडे आता "फुसकं निघालं" असे मेसेज फिरायला लागलेत. ते वाचून फार राग येतोय. रडारवरचा सगळ्यात लाल भाग या क्षणी म्हसळा-श्रीवर्धनवर आहे.

दिवेआगरची लेक | 5 जून, सकाळी 7:30

अजून काही नाही. चॅनलवर वादळ संपलंय. आज वटपौर्णिमा, आई पारावरच्या वडाला जाते. वड आहे की नाही तेही माहीत नाही. म्हसळ्याच्या पुढे रस्त्यावर झाडं आडवी आहेत म्हणतात, मामेभाऊ माणगावहून मोटरसायकलवर कोयती घेऊन निघालाय.

दिवेआगरची लेक | 5 जून, रात्री 8:15

दोघं बरी आहेत. भाऊ पोहोचला, परत येऊन माणगावजवळून फोन केला. घराची समुद्राकडची अर्धी कौलं गेली, आढं शाबूत. वाडी गेली. त्याने काढलेले फोटो पाहते आहे. पोफळी कंबरेतून मोडल्यात, पेन्सिली मोडाव्यात तशा. आत पांढरा ओला गाभा. आमच्या वाडीत कधी ऊन जमिनीला लागलेलं मी बघितलं नव्हतं, फोटोत सगळीकडे ऊन आहे.

काका, बाबांनी खास निरोप दिलाय: वारा दक्षिणेवरून समुद्राकडे वळला, दीडच्या पुढे, आणि जे गेलं ते मुख्यतः त्यानंतर. रात्री गाय सोडली होती. परत आली.

भाट्ये खाडी | 5 जून, रात्री 9:05

दोन दिवस मी हे पान सारखं उघडून बघत होतो. बरं वाटलं.

आता ऐका. पंचनामा होईपर्यंत वाडी साफ करू नका. प्रत्येक झाडाचा फोटो, आणि वहीत मोजदाद, पोफळ वेगळी, माड वेगळा, जायफळ वेगळं. कमरेतून मोडलेल्या पोफळीची आशा धरू नका, माडाला आणि पोफळीला एकच कोंब, शेंडा गेला की झाड गेलं. मुळासकट कललेली लहान रोपं मात्र आठवड्याच्या आत सरळ करून, माती ओढून, टेकू देऊन जगतात. उभ्या राहिलेल्या जायफळांवर पहिल्यांदा सावली करा, झावळ्यांचा मांडव चालेल. ती सावलीतली झाडं, हे ऊन त्यांना सोसणार नाही.

एक मागणी आहे, जमलं तरच. मोजताना प्रत्येक झाडाचा शेंडा कुठल्या दिशेला पडलाय तेही बाबांना लिहायला सांगा. तिथे वारा मोजायला यंत्र नव्हतं. कुठला वारा कधी आणि किती जोराचा होता, ते आता पडलेली झाडंच सांगतील, आणि ती एकदा उचलली की गेलं.

दिवेआगरची लेक | 9 जून, संध्याकाळी 6:40

वही आली, भावाने पानांचे फोटो पाठवले. बाबांचं अक्षर नेहमीसारखं, फक्त ओळी जरा उतरत्या. पोफळी 212. त्यातल्या 31 शेंडे पश्चिमेला, ह्या सगळ्या बोर्लीकडच्या कुंपणालगत. 14 उत्तरेला. उरलेल्या 167 ईशान्येला, एकीवर एक. माड 9, एक सोडून सगळे ईशान्येला. जायफळं 6 पडली, 11 उभी, त्यांच्यावर मांडव घातला.

खाली एक ओळ आहे: "विहिरीजवळचा माड दक्षिणेला पडला आहे. तिकडून वारा नव्हता. र'गिरीच्या काकांना विचारणे."