छत-बॉनेटचा रंग: जुना थर कुठपर्यंत काढावा?

जुनी हॅचबॅक, सॉलिड लाल, मेटॅलिक नाही. छत आणि बॉनेटवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्रे धरून सुटलाय, म्हणजे रबिंग-पॉलिशचा उपयोग शून्य. बाकी गाडी ठीक आहे आणि पूर्ण रंगवायचं बजेट नाही.

बॉनेटचा एक कोपरा ३२० नंबरच्या सँडपेपरने घासून ६०० ने कड उतरवली, वर स्प्रे कॅनमधला प्राइमर (रंगाखालचा थर) मारला. जुना क्लिअर जिथे संपतो नेमकी तिथेच सुरकुती आली. थिनरने कड उचलली असावी. कॉम्प्रेसर, स्प्रे गन, मास्कची सोय आहे. बूथ (रंगकामाची बंदिस्त खोली) नाही.

कारखान्याचा प्राइमर अजून घट्ट आहे, त्यामुळे पत्र्यापर्यंत खरवडायची इच्छा नाही. दोन्ही पॅनेलवरचा फक्त क्लिअर पूर्ण काढून, इपॉक्सी प्राइमरने सील करून वर टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारला, तर खालचा जुना रंग पुन्हा उचलेल का?