एलिमेंट बदलण्याआधी रोलरची गादी बघा
तुमच्या जुन्या रोलर इस्त्री मशीनमधून चादरी दमट निघतात म्हणजे एलिमेंट (तापवणारी तार) गेलं, असं कुणीतरी सुचवलंय ते मला पटत नाही, कारण शू, म्हणजे रोलरला टेकणारा धातूचा गरम भाग, सगळीकडे नीट तापतोय असं तुम्हीच म्हणताय. या मशीनमध्ये गरम शू जागेवर राहतो, रोलर फिरतो आणि कपड्यातला ओलावा वाफ होऊन रोलरच्या गादीत शिरतो, पण जुनी गादी दबून पुठ्ठ्यासारखी कडक झाली की वाफेला जागाच उरत नाही. माझ्या मशीनचं कव्हर काढलं तर मधला भाग पार बसलेला, टोकं मात्र मऊ. नवीन सुती पॅडिंग घातलं आणि त्याच तापमानाला चादर कोरडी निघाली. गुंडाळताना शेवटची कड फिरण्याच्या दिशेच्या मागे राहू द्या, उलटी पडली तर शू ती उचकटून गोळा करतो.

आणि हे फार महत्त्वाचं, शूच्या आतल्या वायरींवर पांढरट धाग्याचं वेष्टण दिसलं तर खरवडू नका, ब्रशही मारू नका. ही जुनी मशीनं बनायची त्या काळी तिथे ॲस्बेस्टॉस (उष्णता रोखणारं तंतुमय खनिज) सर्रास वापरायचे आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात.