खाणीत खोदलेल्या जागेत परत वाळू का भरतेत?

लहाना भाऊ लातूरहून भंडाऱ्याकडं चिखल्याच्या मँगनीज खाणीत ट्रेनिंगला गेलाय. फोनवर सांगायलाय की खालून माल काढला की तिथंच परत वाळू भरतेत. एवढा खर्च कशाला? आई लई घाबरलीय, कुणाला माहिती असंल तर सांगा.

उत्तर १: दादा, आपलं माळवद आठवा, खांबामुळंच वरची माती टिकती. खाणीत पण खांब सोडता येतेत पण मग त्यातला माल अडकून पडतो, म्हणून रिकामी जागा भरून घेतेत, बाजूच्या भिंती ढासळत नाहीत आणि त्याच भरावावर उभं राहून वरचा थर काढता येतो, ह्याला कट अँड फिल म्हणतेत. आईला सांगा, भराव पोराच्या जिवासाठीच आहे.

उत्तर २: वरचं बरोबर, पण वाळू पाण्यासोबत पाइपनं सोडतेत, ते पाणी निथरलंच पाहिजे. तुंबलं तर भराव अडवायला घातलेला बांध फुटून सगळा गाळ अंगावर येतो. भावाला सांगा, ओल्या भरावाच्या बांधाखाली थांबायचं नाही.

उत्तर ३: राजस्थानात रामपुरा आगुचाच्या खाणीत जस्त काढून उरलेला बारीक गाळ सिमेंटमध्ये कालवून भरतेत, पेस्ट फिल. नदीची वाळू वाचती. गोदाकाठची पात्रं बघितली की हे लई पटतं.

प्रश्नकर्ता: आईला वाचून दाखवलं. बांधाचं आत्ताच फोन करून सांगतो त्याला.