नव्या वर्षाचे संकल्प देवापुढे करायचे की चर्चच्या फलकावर टाचायचे?

नगरची_लेक (2 जानेवारी)

जय ख्रिस्त. 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना (वॉचनाइट) आमच्या मंडळीत यंदाही साडेदहाला सुरू झाली. बाराला घंटा, मग प्रार्थना, मग एकमेकांना हात देणं. जाताना दाराशी टोपलीतून वचनाची चिठ्ठी उचलायची, ती उचलली. पण यंदा तरुण संघाने चिठ्ठीबरोबर एक कार्डही हातात दिलं: ‘नव्या वर्षाचे माझे आत्मिक संकल्प’. पाच रकाने. रोज किती अध्याय वाचणार, प्रार्थना किती मिनिटं करणार, महिन्यातून उपास किती, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणार का, वर्षभरात किती जणांना मंडळीत आणणार. खाली नाव आणि सही. भरलेली कार्डं मागच्या भिंतीवरच्या फलकावर लावायची आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावर खुणा करायच्या.

माझं कार्ड मी कोरंच घरी आणलं. तेव्हापासून मनात घोळतंय म्हणून इथं लिहिते.

संकल्प करूच नयेत असं मला म्हणायचं नाही. पण बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडून बघा. दानधर्म, प्रार्थना, उपास. या तिन्ही गोष्टी लोकांना दिसाव्यात म्हणून करू नका, गुप्तपणे करा, असं प्रभू येशू एकामागून एक सांगतो. आमच्या कार्डावर नेमक्या याच तीन गोष्टी आहेत आणि त्या नावासकट भिंतीवर आहेत.

दुसरं असं की माझ्या धाकट्या जाऊबाई आणि मी तीन वर्षं बोललेलो नाही. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीवरून बिनसलं. मत्तयाच्याच पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं सांगितलंय. वॉचनाइटला गुडघे टेकले तेव्हा मला तेच आठवत होतं, दुसरं काही नाही. त्याला या कार्डावर रकाना नाही. मग विश्वासातले संकल्प म्हणजे नक्की काय मोजायचं?

तरुणसंघ_सचिव

ताई, मी तुमच्या मंडळीतला नाही. पण असंच कार्ड यंदा आमच्याकडे मी स्वतः छापून घेतलंय, म्हणून उत्तर देणं माझ्याकडे लागतं.

आमच्या संघात चौतीस मुलंमुली आहेत. दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरात विचारलं, एक तरी शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी वाचलंय? तीन हात वर झाले. ही सगळी लहानपणापासून संडे स्कूलला आलेली, नाताळात नाटक बसवणारी, गायनसंघात गाणारी मुलं. त्यांना ‘देवाच्या जवळ राहा’ असं मोघम सांगून काय होणार? त्यांना आकडा कळतो. बायबलचे 1189 अध्याय. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की बावन्न आठवड्यांत पूर्ण होतात. हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, एवढंच होय? तोवर त्याला ते कधी न संपणारं पुस्तक वाटत होतं.

गुप्ततेबद्दल म्हणाल, तर बायबलातला दानिएल संदेष्टा खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं. एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन द्या, हेही इब्री लोकांस पत्रात आहेच. कुणाला काही माहीतच नसेल तर उत्तेजन द्यायचं कशाला?

आणि आपल्याकडचंच उदाहरण घ्या. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. अठरा वर्षांच्या आसपास ते काम चाललं आणि 1922 मध्ये प्रभूकडे जाण्याच्या थोडंच आधी त्यांनी ते हातावेगळं केलं. रोजचा नेम नसता तर हे झालं असतं?

रात्रपाळी

मी नर्स आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट असते. मागच्या वर्षी आमच्याकडेही ‘पहाटे पाचला प्रार्थना’ असं ठरलं होतं आणि सगळ्यांनी ग्रुपवर हात जोडलेली खूण पाठवायची होती. पाचला मी वॉर्डात इंजेक्शनं देत असते. पहिल्या आठवड्यानंतर मी तो ग्रुप उघडायचंच सोडलं. मग रविवारी बायका विचारायच्या, तुमची खूण दिसत नाही हो? त्या मायेनं विचारत होत्या, मला माहीत आहे. तरी फेब्रुवारीत दोन रविवार मी चर्चला गेले नाही.

ज्या रात्री एखादा पेशंट जातो, त्या रात्री त्याच्या माणसाजवळ मी पाच मिनिटं नुसती उभी राहते. मनातल्या मनात प्रभूचं नाव घेते. ते कोणत्या रकान्यात लिहू, सचिव भाऊ?

शेवगावकर

रात्रपाळी ताई, तुमचं पटलं. तरी मी सचिवांच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

मी अकरा वर्षं दारू पीत होतो. सोडायचे संकल्प दर 31 डिसेंबरला करायचो, तेही खऱ्या मनानं, डोळ्यांत पाणी आणून. पंधरा जानेवारीला परत गुत्त्यावर. शेवटी आमच्या पाळकसाहेबांनी एक साधी वही दिली. म्हणाले, रोज रात्री तारीख घाल, आणि आज प्यालास की नाही हे एका शब्दात लिही, दर रविवारी मला दाखव. बाकी काही उपदेश नाही. वही दाखवायची लाज वाटायची म्हणून कित्येक संध्याकाळी मी घराबाहेर पडलो नाही. ही लाज म्हणजे भक्ती नव्हे, मान्य. पण त्या लाजेनं मला जिवंत ठेवलं, आणि भक्ती मागून आली. आज सहा वर्षं झाली.

म्हणून मोजणं वाईट असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. ज्याचं मन आधीच मऊ आहे त्याला वही लागत नसेल. मला लागली.

नगरची_लेक

शेवगावकर दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. देवाची स्तुती असो. पण तुमची वही एकच माणूस बघत होता ना? पाळकसाहेबांनी ती भिंतीवर लावली असती तर तुम्ही दुसऱ्या रविवारी गेला असता का?

सचिव भाऊ, वर्षभरात बायबल वाचायचा जो तक्ता आज जगभर चालतो, तो रॉबर्ट मरे मॅक्शेन या स्कॉटलंडमधल्या तरुण पाळकाने 1842 मध्ये डंडीतल्या आपल्या मंडळीसाठी केला. नवा करार आणि स्तोत्रं वर्षात दोनदा, बाकी एकदा. पुढच्याच वर्षी तो वारला, वय फक्त 29. त्याने तक्त्याबरोबर आधी धोके लिहिले होते: वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला आपण धार्मिक झालो असं वाटू लागेल, घाईनं पानं उलटली जातील, आणि काहींना हे जू पेलणार नाही. ज्याने तक्ता केला त्यालाच ही काळजी होती. आपण तक्ता घेतला, काळजी गाळली. तुमच्या हिशेबानं जानेवारीच्या अखेरीस मुलं लेवीय या बायबलातल्या तिसऱ्या पुस्तकात पोचतील. यज्ञांचे आणि कुष्ठाचे नियम वाचताना त्यांच्याशेजारी कोण बसणार आहे, ते कार्डावर आहे का?

आणि रमाबाई. साध्या बायकांना, फारसं न शिकलेल्यांना कळावं, म्हणून त्यांनी ती भाषा सोपी केली. छपाईचं काम त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनीच केलं. त्या नेमात पहिल्यापासून दुसरं माणूस होतं. माझा सगळा आग्रह तेवढाच आहे.

वसईकर

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे वर्षअखेरीला आभाराची प्रार्थना आणि 1 जानेवारीला पवित्र मरियेच्या सणाची मिस्सा. फलक वगैरे नाही. पण मोजण्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लॉयोला यांनी आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिच्यात एका वेळी एकच दोष धरायचा असतो. दिवसासाठी कागदावर रेषा ओढायची, जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके द्यायचे. कालच्याशी आज, गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून बघायचा. म्हणजे मोजणं जुनंच आहे. फरक असा की तिथं आपलं पडणं मोजतात, कमाई नाही. आणि तो कागद फार तर आपल्या आत्मिक मार्गदर्शकाला दाखवायचा.

मी स्वतः घरात आवाज चढवण्याचे ठिपके देतो. गेल्या आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार आठवड्यांत) सुरू केलं. पहिल्या आठवड्याचा कागद बघून रडायला आलं.

कोपरगावकर

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. अमुक शहरी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असं म्हणणाऱ्यांना याकोब नव्या करारातल्या आपल्या पत्रात विचारतो, उद्या काय होणार हे तुम्हाला कुठं ठाऊक आहे? प्रभूची इच्छा असेल तर, असं म्हणा. आपले संकल्प मात्र सगळे ‘मी’ पासून सुरू होतात.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये लंडनला कराराची उपासना (देवाशी केलेला करार नव्याने करण्याची उपासना) घेतली. ती रीत मेथडिस्ट लोकांत टिकली आणि पुढे वर्षाच्या पहिल्या रविवारशी जोडली गेली. तिच्यातली प्रार्थना वाचा. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेला असू दे किंवा रिकामा, असा तिचा भाव आहे. त्यात एकही उद्दिष्ट नाही. वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी घरी आम्ही ती म्हटली. तोवर आमच्या घरात गायनसंघ, दौरे, सभा यांचीच यादी असायची. बाजूला ठेवलं जाणं हीसुद्धा सेवा असू शकते, हे मला तेव्हा कळलं.

तरुणसंघ_सचिव

कोपरगावकर काका, तुमच्या वडिलांच्या वयाला ती प्रार्थना शोभते. वीस वर्षांच्या पोराला ‘रिकामा ठेव’ म्हणायला शिकवलं तर तो मोबाइल घेऊन बसेल. इथं मी हटणार नाही. कार्ड राहणार, अध्यायही राहणार.

पण नगरच्या ताईंचं एक मानतो. दशांश आणि उपासाचे रकाने फलकावर नकोत, ते आम्ही या रविवारी कापून टाकतो. किती जणांना आणणार, हाही जाईल. तिथं एका मुलाने ‘20’ लिहिलंय आणि त्याला एकाचंही नाव सांगता आलं नाही. लेवीय सुरू होईल तेव्हा शनिवारी संध्याकाळी एकत्र वाचू. रात्रपाळी ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. क्षमा करा.

रात्रपाळी

क्षमा कसली, भाऊ. मुलांना वाचायला लावताय ते चांगलंच आहे. फक्त ज्याची खूण दिसत नाही त्याच्या घरी एकदा जाऊन या.

नगरची_लेक (4 जानेवारी)

कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला काल एक ओळ लिहिली आणि ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ठेवलं. सचिव भाऊंमुळे आणखी एक ठरवलं: सासूबाईंना आता दिसत नाही, त्यांना रोज दिवाबत्तीच्या वेळी एक स्तोत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. दीडशे स्तोत्रं, जूनच्या सुरुवातीला संपतील.

जाऊबाईंचा नंबर बदललाय. पुतण्याकडून मिळाला. उद्या दुपारी करते. सुरुवात कशी करायची तेच सुचत नाही.

शेवगावकर

ताई, पहिल्या फोनवर जमिनीचं नाव काढू नका, आणि चूक कुणाची तेही नको. त्यांच्या माहेरची माणसं कशी आहेत ते विचारा.

नगरची_लेक

त्यांच्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय असं पुतण्या म्हणाला. मला कळलंच नव्हतं. तेच विचारते.