१९५५ चा चामडी फुटबॉल प्रदर्शनात कसा ठेवावा?

पार्कचौककर: सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या १९५५ च्या विजेत्या संघाचा फोटो आणि दोरीवाला बॉल प्रदर्शनात मांडायचाय. बॉल फुगवावा का? त्या हंगामाच्या नोंदी कुठे मिळतील?

लेफ्टहाफ: पंप मुळीच लावू नका! आतला रबरी ब्लॅडर एव्हाना कडक झालेला असतो. तो फुटला तर फुटला, पण ताण येतो दोरीच्या भोकांवर आणि वाळलेलं चामडं तिथूनच चिरतं. दोरी अलगद सैल करून फटीतून पॉलिस्टरचा कापूस थोडा थोडा सारा. नियमातला घेर २७ ते २८ इंच, पण तेवढा ताणायचा हट्ट नको. गोल दिसला की पुरे. तेल, बूटपॉलिश काही चोपडू नका, चामडं काळवंडतं. आणि आपल्याकडचं ऊन पेटीवर थेट नको.

गठ्ठेवाला: नोंदींसाठी आधी कॉलेजचं वार्षिक, मग पुणे विद्यापीठ. कोल्हापूरला हेलपाटा नको, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. सोलापूरचं तर २००४ चं.

लेफ्टहाफ: फोटोखाली ‘सेंटर हाफ’ असेल तर त्याला आजचा मिडफिल्डर करू नका. डब्ल्यूएम रचनेत, म्हणजे खेळाडू W आणि M अक्षरांच्या आकारात उभे राहत त्या मांडणीत, तो दोन फुलबॅकच्या (बचावपटूंच्या) मधोमध असायचा.