मनःस्थितीतले चढउतार आकड्यात कसे मोजायचे?

सांजवारा
बायपोलरच्या (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा मनोविकार) रुग्णाची मनःस्थिती आणि उत्साह यांची रोजची नोंद डॉक्टरांना दाखवायची आहे. ० ते १० गुण देऊन महिन्याची सरासरी काढली, तर चढउतार दिसतच नाहीत. प्रमाण विचलन (अंक सरासरीपासून किती पांगलेत ते सांगणारा आकडा) पुरेल का?

अंकनाद
नाही, त्याला क्रम कळत नाही. २, २, २, ८, ८, ८ आणि २, ८, २, ८, २, ८ या दोन्हींचं विचलन ३ च येतं. पहिल्यात एकच बदल आहे, दुसऱ्यात रोजचा हेलकावा. लागोपाठच्या नोंदींतला फरक काढा, प्रत्येकाचा वर्ग करा, वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्या. पहिल्याचं उत्तर साधारण २.७, दुसऱ्याचं ६.

नोंद राहिली तर सांभाळा. एक्सेल वजाबाकीत रिकामा रकाना शून्य धरतं आणि नसलेली उडी दिसते. तिथे कालचाच अंक भरला, तर खोटी स्थिरता येते. त्या जागेच्या अलीकडचा-पलीकडचा, दोन्ही फरक गाळा.

निशिगंध
मुळात ० ते १० नकोच. १० म्हणजे आनंद की उन्माद? −३ ते +३ घ्या. ० म्हणजे त्या माणसाचा नेहमीचा दिवस. प्रत्येक अंकाची खूण आधीच ठरवा, उदा. −२ ला आंघोळही होत नाही, +२ ला बोलणं आणि खर्च आवरत नाही.

उत्साहाचा रकाना वेगळाच हवा. मन −२ आणि उत्साह +२ ही मिश्र अवस्था फार जोखमीची. एकच अंक दिलात तर ती ० म्हणून निसटते.

वेळा ठरलेल्या ठेवा, सकाळी १० आणि रात्री ८. नैराश्यात बऱ्याच जणांना सकाळ जड जाते, म्हणून सकाळची तुलना सकाळशीच करा. आठवड्याचं एकदम आठवून भरू नका. आज मन खिन्न असेल तर मागचे दिवसही खिन्नच आठवतात.

सांजवारा
औषधानंतर लागोपाठच्या फरकांचा हा आकडा घटला, म्हणजे सुधारणा समजायची ना?

अंकनाद
तेवढ्यावरून नाही. रोज −३ असेल तरी फरक शून्यच! सरासरी शेजारी हवीच. मात्रा बदलली त्या तारखेला रेघ मारा आणि आधीचे-नंतरचे आकडे वेगळे काढा.

निशिगंध
झोपेचे तासही लिहा. तीन-चार तासच झोप, तरी थकवा नाही, असं ओळीने दोन-तीन दिवस झालं तर महिनाअखेरीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच क्षणी, आणि डॉक्टर लागले नाहीत तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.